माणसं गिळणारं व्याकरण

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो आणि त्यात बरोबर लिहिणाऱ्या मुलांचे गुण वर्षानुवर्षं कापले जातात. 'द कमिटी ... डिव्हायडेड ऑन द इश्यू.' रिकाम्या जागी 'वॉज' की 'वेअर'? मी पाहिलेल्या उत्तरतालिकांपैकी काहींत 'वॉज' बरोबर आणि 'वेअर' चूक, तर काहींत नेमकं उलट. दोन्ही उत्तरं ग्राह्य, असं छापलेली तालिका माझ्या हाती आजवर पडलेली नाही. म्हणजे एकाच पुस्तकातून शिकलेली दोन मुलं एकच उत्तर लिहितात आणि पेपर कोणी काढला यावर एकाला गुण मिळतो, दुसऱ्याचा जातो. ज्या परीक्षांत उणे गुणांची पद्धत आहे तिथे तर दुसऱ्या प्रश्नावर मिळवलेलंही थोडं हातचं जातं.

मी इंग्रजीचं व्याकरण शिकवते आणि हे मला चीड आणणारं वाटतं. 'समूहवाचक नामाला एकवचनी क्रियापद, संपला विषय' हा जो नियम आपल्याकडे फळ्यावर लिहिला जातो, तो इंग्रजीचा नियम नाही. पेपर काढणारे, गाइड छापणारे आणि क्लास चालवणारे यांनी तो स्वतःच्या सोयीसाठी बनवला आहे. तपासायला सोपा, पाठ करून घ्यायला सोपा, वाद घालणाऱ्याला गप्प करायला सोपा. भाषेशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

इंग्रजीतला खरा व्यवहार असा. कमिटी, टीम, ज्युरी, फॅमिली, गव्हर्न्मेंट, स्टाफ, क्रू, ऑडियन्स ही नामं रूपाने एकवचनी, पण त्यांच्या पोटात माणसं आहेत. बोलणारा त्या समूहाकडे एक अखंड गोष्ट म्हणून पाहत असेल तर क्रियापद एकवचनी येतं. आतल्या माणसांकडे पाहत असेल, त्यांची मतं, त्यांची भांडणं, त्यांच्या सवयी सांगत असेल, तर क्रियापद अनेकवचनी येऊ शकतं, आणि ब्रिटिश इंग्रजीत ते सर्रास येतं. फॅमिली मोठी आहे हे सांगायचं तर 'इज'. फॅमिलीतले सगळे पहाटे उठणारे आहेत हे सांगायचं तर 'आर' शोभतं. निवड बोलणाऱ्याची आहे. वाक्य तयार व्हायच्या आधी ते काय सांगणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच क्रियापद ठरवू शकतो. रिकामी जागा ठेवणाऱ्या परीक्षकाने तो हक्क स्वतःकडे घ्यायचा, मुलाला संदर्भ काहीच द्यायचा नाही आणि वर त्याला चूक ठरवायचं, ही दांडगाई आहे.

बरं, हा सगळा गोंधळ इंग्रजीच्या किती छोट्या कोपऱ्यात होतो तेही पाहा. भूतकाळात 'द टीम वन' म्हटलं की एकवचन-अनेकवचनाचा प्रश्नच उरत नाही. 'विल', 'कॅन', 'मस्ट' आलं की उरत नाही. इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव आणि वर्तमानकाळातला तो शेपटाचा 'एस', एवढ्याच ठिकाणी फरक दिसतो; शिवाय मागे येणाऱ्या 'इट्स' किंवा 'देअर' या सर्वनामांत. एवढ्या चिमूटभर जागेत इंग्रजीने बोलणाऱ्याला अर्थाची एक छटा दाखवायची सोय ठेवली आहे. आपण नेमकी तीच जागा शोधून तिथे सापळा लावतो.

आता फळ्यावरच्या नियमाकडे येऊ. 'कमिटी हा शब्द एकवचनी आहे, म्हणून क्रियापद एकवचनीच.' हे तर्काने खरं असेल तर त्याच धड्यातली पुढची वाक्यं खोटी ठरतात. 'अ नंबर ऑफ स्टुडन्ट्स आर ॲब्सेंट.' इथे मुख्य नाम 'नंबर' आहे, एकवचनी आहे, त्याच्याआधी 'अ' सुद्धा बसलेला आहे. तरी आपण 'आर' शिकवतो, आणि ते बरोबरच आहे, कारण गैरहजर मुलं आहेत, आकडा नव्हे. 'टेन थाउजंड रुपीज इज अ बिग अमाउंट.' इथे नाम अनेकवचनी आहे, तरी 'इज', कारण दहा हजार ही एक रक्कम म्हणून मनात आहे. 'ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट.' दोन पदार्थ, क्रियापद एकवचनी, कारण ती एक न्याहारी आहे. या तीनही ठिकाणी परीक्षक रूप सोडून अर्थामागे जातो आणि मुलालाही तसंच जायला लावतो. रूपाला धरून लिहिलं तर गुण कापतो. मग कमिटीपाशी आल्यावरच त्याला एकदम रूप का आठवतं? रुपयांचा ढीग एक मानायला जो अर्थ चालतो, तोच अर्थ नऊ माणसांची कमिटी नऊ माणसं मानायला का चालत नाही? या प्रश्नाचं उत्तर मला कोणत्याही पेपरसेटरने दिलेलं नाही. 'बोर्डाला असंच लागतं' एवढंच ऐकायला मिळतं.

पुस्तकांचा दाखला मागितला तर तो त्यांच्याविरुद्ध जातो. रॉबर्ट लाउथ या इंग्रज धर्मगुरूचं इंग्रजी व्याकरण 1762 साली आलं. पुढे तो लंडनचा बिशप झाला. इंग्रजीवर कडक नियम लादल्याबद्दल ज्या माणसाला आजही बोल लावला जातो, तो हा माणूस. त्या कडक माणसानेसुद्धा समूहवाचक नामांना दोन्ही वचनं दिली आणि एक की अनेक, जी कल्पना शब्दातून पोचते तिचं भान ठेवा, एवढीच अट घातली. लिंडली मरे हा अमेरिकेत जन्मलेला वकील इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाला आणि 1795 साली त्याने तिथल्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं. ते पुढे दोन्ही देशांत घरोघर गेलं. त्यातही हीच मोकळीक आहे. फाउलरचा 1926 चा शब्दप्रयोगांचा कोश दोन्ही वचनं मान्य करतो. त्याची तक्रार एकाच वाक्यात आधी एकवचन आणि मग अनेकवचन अशी घसरगुंडी करणाऱ्यांविरुद्ध आहे. 1985 साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक यांचं जाडजूड व्याकरण आलं. त्यात रूपाने जुळणारं क्रियापद आणि अर्थाने जुळणारं क्रियापद असे दोन रीतसर प्रकार मांडलेले आहेत आणि दोन्ही इंग्रजीत जगतात असंच सांगितलं आहे.

आणि आपलं रेन अँड मार्टिन? महाराष्ट्रात इंग्रजी शिकलेल्या कितीतरी घरांत ते पुस्तक असतं, पाठीचा कागद फाटलेला, पानांवर दोन पिढ्यांच्या पेन्सिलीच्या खुणा. त्यातला रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन. तो मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता, कराचीत मुख्याध्यापक होता. कराची तेव्हा याच इलाख्यात होती. आपल्याच मुलांच्या शिक्षणात ज्याची कितीतरी वर्षं गेली त्या माणसाच्या नावाच्या पुस्तकात नियम स्वच्छ लिहिलेला आहे: समूह एकसंध म्हणून मनात असेल तर एकवचनी क्रियापद, त्यातल्या व्यक्ती मनात असतील तर अनेकवचनी. पेपरसेटर हे पुस्तक उशाशी घेऊन बसतो, त्यातलं उदाहरण उचलतो, त्याच्या शेजारचा नियम सोडून देतो आणि उदाहरणातला खुणेचा शब्द कापून टाकतो. 'ज्युरी ... डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स' असं अख्खं वाक्य दिलं तर 'देअर'मुळे मुलाला दिशा मिळते. आपल्याकडच्या पेपरात 'इन देअर ओपिनियन्स' गळतं आणि 'ज्युरी ... डिव्हायडेड' एवढंच उरतं. मग त्याचं उत्तर एकच कसं असेल?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे अमेरिका. 'मॅडम, आता सगळीकडे अमेरिकन इंग्रजी चालतं, तिकडे टीम इज असंच म्हणतात.' अमेरिकेत समूहवाचक नामाला बहुतेक वेळा एकवचन देतात हे खरं आहे. तिथल्या माणसाने तसं लिहावं, त्याची ती रीत आहे. पण तुम्ही अमेरिकन इंग्रजी कधी स्वीकारलं? मुलाने 'कलर'च्या स्पेलिंगमधला 'यू' गाळला तर तुम्ही लाल रेघ मारता. 'सेंटर' अमेरिकन पद्धतीने लिहिलं तर लाल रेघ मारता, कारण आपल्याकडे ब्रिटिश स्पेलिंग चालतं. आणि त्याच पेपरात मुलाने ब्रिटिश पद्धतीने 'द टीम आर' लिहिलं तर पुन्हा लाल रेघ, कारण अमेरिकेत तसं म्हणत नाहीत. मूल कोणत्याही देशाचं इंग्रजी लिहो, मार त्यालाच. असं इंग्रजी जगात कुठेही बोललं जात नाही. ते फक्त तुमच्या उत्तरतालिकेत राहतं.

शिवाय अमेरिकेचाही इतिहास उघडून पाहावा. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकन राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाने आपला सभापती निवडावा आणि सिनेटने आपले इतर पदाधिकारी निवडावेत, असं सांगताना 'देअर' वापरलेलं आहे. त्याच घटनेत थोडं पुढे प्रत्येक सभागृहाने आपल्या कामकाजाचं टिपण ठेवावं असं सांगताना 'इट्स' आहे. निवड करणारी माणसं असतात, टिपण संस्थेचं असतं. घटना लिहिणाऱ्यांना एकाच सभागृहासाठी दोन्ही शब्द वापरताना काही अडलं नाही. देशद्रोहाची व्याख्या करताना युनायटेड स्टेट्स या नावाला त्यांनी 'देम' म्हटलं, म्हणजे अनेक राज्यं. 1865 साली गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातही युनायटेड स्टेट्सचं अधिकारक्षेत्र 'देअर' आहे. यादवी युद्धात लाखो माणसं मेली ती देश एक की अनेक या भांडणात, आणि त्यानंतरच्या काळात ते नाव हळूहळू एकवचनात स्थिरावलं. अमेरिकन माणूस आज 'युनायटेड स्टेट्स इज' म्हणतो त्यामागे एवढा इतिहास उभा आहे. नाम तेच राहिलं, त्याचं रूपही तेच राहिलं. देशाची स्वतःकडे पाहायची नजर बदलली आणि क्रियापद बदललं. आपल्याकडे हे कोणत्या वर्गात शिकवतात?

इंग्लंडमध्ये तर रोजच्या रोज दिसतं. तिथल्या संसदेत मंत्री उभा राहतो आणि 'द गव्हर्न्मेंट आर' म्हणतो, 'धिस गव्हर्न्मेंट आर' सुद्धा म्हणतो आणि अधिकृत इतिवृत्तात ते तसंच छापलं जातं. सरकार म्हणजे मंत्री, आणि ते सगळे मिळून जबाबदार आहेत, ही समज त्या क्रियापदात राहते. बीबीसीची शैली संस्था, कंपन्या आणि सरकारं एकवचनी ठेवते, पण खेळातल्या संघांना आणि पोलिसांना अनेकवचन देते. गार्डियन संदर्भ पाहून ठरवायला सांगतं. इकॉनॉमिस्ट तर याबाबत पक्का नियम नाही असं स्वतःच्या शैलीपुस्तिकेत मान्य करतं. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे आणि ज्यांचं पोट इंग्रजी लिहिण्यावर चालतं, त्यांनी जे उघडं ठेवलं, ते आपण कुलूपबंद करून मुलांना दंड करत बसलो आहोत.

बार्शीकडचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला आला होता. मराठी माध्यमाचा, वडील बाजार समितीत हमाल. त्याच्या जुन्या शाळेतल्या निबंधवहीत 'माय फेव्हरिट मॅच' असा निबंध होता आणि त्यात त्याने 'इंडिया आर बॅटिंग फर्स्ट' असं लिहिलं होतं. 'आर'भोवती लाल वर्तुळ, वर 'इज', आणि समासात शेरा: 'इंडिया एक देश आहे.' मुलाने हे वाक्य कुठून आणलं? रेडिओवरच्या आणि टीव्हीवरच्या इंग्रजी समालोचनातून. 'इंडिया आर वन ट्वेंटी एट फॉर थ्री' हे वाक्य आपल्याकडे टपरीवर, एसटीत, चहाच्या कपासोबत पिढ्यानपिढ्या ऐकलं गेलं आहे. त्या मुलाला कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं, पण मैदानावर उतरलेली इंडिया म्हणजे अकरा जण, हे त्याच्या कानाला कळलं होतं. इंग्रजीतली एक नाजूक गोष्ट त्याने कानाने उचलली होती, आणि त्याबद्दल त्याला लाल वर्तुळ मिळालं.

त्या शेऱ्यातली चूक नीट समजून घ्या, कारण ती साधी नाही. इंग्रजी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर करारावर सही करणारी इंडिया 'इज' असते आणि शेवटच्या पानावर पाच बाद झालेली इंडिया 'आर' असते. एकाच दिवशी, एकाच अंकात. पहिली देश आहे, दुसरी संघ आहे. वचन बदललं की अर्थ बदलतो. म्हणजे वचन हे अर्थाचं काम करतं. शिक्षकाने 'इज' लिहून त्या मुलाच्या वाक्यातला संघ खोडला आणि तिथे देश बसवला. देश फलंदाजी करत नाही. तो मुलगा आजही इंग्रजी बोलताना प्रत्येक क्रियापदापाशी थांबतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याला येत होतं ते त्याच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि याबद्दल मी त्या लाल पेनाला माफ करणार नाही.

ज्युरीचं उदाहरण आपल्या पेपरांत इतकं का येतं तेही मला कळत नाही. ज्या देशातल्या फौजदारी न्यायालयांत ज्युरी राहिलेली नाही, त्या देशातल्या मुलांना ज्युरीचं क्रियापद विचारायचं, आणि ज्युरी म्हणजे काय ते सांगायचं नाही. निदान आपल्या मुंबईची गोष्ट तरी सांगा. 1959 साली नौदलातला अधिकारी कावस नानावटी याच्यावर प्रेम आहुजाच्या खुनाचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालला. ज्युरीत नऊ जण होते. आठ जण 'दोषी नाही' म्हणाले, एक जण 'दोषी' म्हणाला. न्यायाधीशांना तो कौल मान्य होण्यासारखा वाटला नाही, त्यांनी खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला, तिथे नानावटीला जन्मठेप झाली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा देशातला शेवटचा ज्युरी खटला असं सांगायची पद्धत पडली आहे, ते खरं नाही. ज्युरी त्यानंतरही काही ठिकाणी काही वर्षं चालली आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती पुरती गेली.

या नऊ जणांबद्दल इंग्रजीत लिहायला बसा. त्यांनी कौल दिला, हे लिहिताना 'द ज्युरी हॅज गिव्हन इट्स व्हर्डिक्ट'. कौल एकच होता, न्यायालयात एकच वाचला गेला, म्हणून एकवचन. ते आपसांत आठ विरुद्ध एक असे फुटले होते, हे लिहिताना 'द ज्युरी वेअर डिव्हायडेड'. फुटायला किमान दोन लागतात. तीच नऊ माणसं, तोच खटला, तोच दिवस, आणि दोन वाक्यांत दोन क्रियापदं, दोन्ही बरोबर. 'ज्युरीला कोणतं क्रियापद लागतं' हा प्रश्नच निरर्थक आहे. ज्युरीबद्दल तुम्हाला काय सांगायचं आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि तो चार पर्यायांत मावत नाही.

हे केवळ गुणांपुरतं असतं तर मी एवढी चिडले नसते. सतत एकवचन वापरायची सवय लावली की माणसं दिसेनाशी होतात. तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाकडे बघा. 'द मॅनेजिंग कमिटी हॅज डिसायडेड' अशी सुरुवात, खाली सचिवाची सही, आणि मग गच्ची बंद, किंवा भाडेकरूंच्या गाड्यांना आत जागा नाही, किंवा घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही. कोणी ठरवलं? कमिटीने. कमिटीतल्या किती जणांनी? कोणी विरोध केला का? नोटिशीतल्या 'हॅज'मध्ये हे सगळं विरून जातं. कारखान्याच्या फाटकावर लागणाऱ्या कागदावर तर 'द मॅनेजमेंट रिग्रेट्स' असतं; खेद वाटणारं माणूस तिथे कोणीच नसतं. अशा ठिकाणी एकवचन व्याकरणाने बरोबर आहे, माझी तक्रार त्यावर नाही. 'द कमिटी आर नॉट ऑल ॲग्रीड' असंही इंग्रजीत म्हणता येतं, हे ज्याला शाळेत कधी कळलंच नाही, त्याला 'कोण कोण?' हा प्रश्न त्या भाषेत विचारता येत नाही, ही माझी तक्रार आहे.

न्यायालयाबद्दल लिहितानाही हेच होतं. 1976 साली आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयात एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल लागला. पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ होतं: सरन्यायाधीश ए. एन. रे, एम. एच. बेग, पुण्यात जन्मलेले वाय. व्ही. चंद्रचूड, पी. एन. भगवती आणि एच. आर. खन्ना. चौघांनी सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे म्हणून उच्च न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. खन्ना एकटे विरोधात गेले. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. आता या निकालाबद्दल 'द बेंच हॅज हेल्ड' असं लिहिणं योग्यच आहे, कारण कायदा म्हणून जे ठरलं ते खंडपीठाने ठरवलं. पण त्या पाच जणांनी काय केलं हे सांगायचं असेल, तर मला तिथे अनेकवचन हवं आहे, कारण त्यातला एक माणूस वेगळा वागला आणि त्याची किंमत त्याने मोजली. 2017 साली खासगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो जुना निकाल मोडीत काढला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे यावर नऊच्या नऊ जणांचं एकमत होतं. तिथे 'द बेंच वॉज युनॅनिमस' हे एकवचन शोभून दिसतं. जिथे माणसं खरोखर एक झाली तिथे एकवचन द्या. जिथे एकाने मान हलवायला नकार दिला, तिथे त्याला गिळून टाकणारं क्रियापद वापरायची सक्ती माझ्यावर करू नका.

याचा अर्थ काहीही चालतं असा कोणी काढू नये. 'द फर्निचर आर' कोणत्याच इंग्रजीत चालत नाही. खुर्च्यांना मत नसतं, त्या भांडत नाहीत. 'लगेज'चंही तेच. 'पोलीस' आणि 'कॅटल' यांना अनेकवचनच लागतं, आणि आपल्या इंग्रजी बातम्यांतलं 'पोलीस हॅज अरेस्टेड' सुधारायलाच हवं. कमिटीत नऊ सदस्य आहेत हे सांगताना 'कन्सिस्ट्स'च येणार, कारण नऊ मिळून एक होतात तेव्हाच ते वाक्य खरं ठरतं. आणि क्रियापद अनेकवचनी झालं तरी 'धिस कमिटी'चं 'दीज कमिटी' होत नाही. या सगळ्याला मर्यादा आहेत, त्या शिकवता येतात, समजावता येतात आणि मुलांना त्या आवडतातही, कारण त्यांत विचार करायला मिळतो. आठवीतल्या मुलांना मी 'द टीम इज टॉल' का खटकतं असं विचारते, तेव्हा वर्गात पाच मिनिटं असा गलबला होतो की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

मराठी मुलांना हे जड जाईल, असंही सांगितलं जातं. 'आपल्याकडे समिती आली, संघ जिंकला, जनता चिडली, सगळं एकवचन. त्यांच्या डोक्यात उगाच गोंधळ कशाला?' ज्या मुलाच्या घरी 'बाबा आले, सर आले' असं एकेका माणसाला रोज अनेकवचन मिळतं, 'सगळी मंडळी जेवायला बसली आहेत' असं ज्याची आजी म्हणते, त्याला क्रियापद मनातल्या अर्थामागे जातं हे समजावायला मला पाच मिनिटंही लागत नाहीत. गोंधळ मुलांच्या डोक्यात नाही. तो एका प्रश्नाला एकच उत्तर असलं पाहिजे, नाहीतर ओएमआर शीट तपासायची कशी, असं मानणाऱ्यांच्या डोक्यात आहे.

आणि त्या ओएमआर शीटवर मुलांची वर्षं टांगलेली असतात. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून आलेली मुलं पुण्याच्या पेठांमधल्या कॉटबेसिसच्या खोल्यांत राहतात, मेसचा डबा खातात, अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसतात. एका गुणाने यादीतलं नाव वरचं खाली होतं. उत्तरतालिका लागली की आक्षेप नोंदवायला थोडे दिवस मिळतात, काही परीक्षांत प्रत्येक आक्षेपामागे पैसे भरावे लागतात. माझ्या एका विद्यार्थिनीने अशाच एका प्रश्नावर आक्षेप घेतला. रेन अँड मार्टिनचं पान जोडलं, दोन शब्दकोशांतल्या नोंदी जोडल्या, पैसे भरले. अंतिम उत्तरतालिका आली तेव्हा उत्तर तेच होतं. कारण दिलेलं नव्हतं. तिला इंग्रजी येत होतं, पुरावाही तिच्याकडे होता, आणि समोर उत्तर द्यायला माणूसच नव्हता. होती ती 'तज्ज्ञ समिती', तीही एकवचनात.

म्हणून पेपर काढणाऱ्यांना आणि ते तपासणाऱ्या समित्यांना माझं सरळ सांगणं आहे. संदर्भ नसलेल्या वाक्यात समूहवाचक नामाचं क्रियापद विचारणं आजपासून बंद करा. विचारायचंच असेल तर वाक्यात 'इट्स' किंवा 'देअर' ठेवा, म्हणजे मुलाला दिशा कळेल. तेही जमत नसेल तर दोन्ही उत्तरांना गुण द्या आणि तसं तालिकेत छापा. आक्षेप फेटाळताना कोणत्या ग्रंथाच्या आधारे फेटाळला ते लिहा, आणि खाली समितीतल्या प्रत्येकाचं नाव लिहा. आणि ज्या मुलांनी पैसे भरून तुम्हाला बरोबर इंग्रजी सांगितलं, त्यांचे पैसे परत करा आणि त्यांचा तो गुण त्यांना द्या.